विसरण्याचे वचन

गुपित सांगताना आपण समोरच्याला बजावतो, "कोणाजवळ बोलू नकोस." "कुठे लिहून ठेवू नकोस" असे मात्र सहसा कोणी बजावत नाही. गुपित जपणे म्हणजे तोंड मिटून राहणे, अशीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे, आणि माणसामाणसांच्या व्यवहारात ती बहुधा पुरतेही. पण ऐकणारा रोज रात्री नेमाने रोजनिशी लिहिणारा निघाला, आणि त्याच्या पश्चात ती रोजनिशी रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन पडली, तर? त्या गृहस्थाने विश्वासघात केला असे म्हणावयाचे की नाही? जन्मभर तो एका शब्दाने कोणाजवळ बोललेला नाही. त्याला कोणाचे वाईट करावयाचे नव्हते. त्याला फक्त लिहून ठेवण्याची सवय होती.

माणसांच्या बाबतीत हा प्रश्न क्वचित उभा राहतो. संगणकाच्या बाबतीत तो दर क्षणी उभा आहे. यंत्राला नीती-अनीती नसते, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. पण यंत्रे माणसे बांधतात. बांधताना कशाची फिकीर करावयाची आणि कशाची नाही, हे माणसेच ठरवतात. त्या ठरवण्याला नीतीचा प्रश्न विचारता येत नाही असे कोणी म्हणू लागला, तर तो धरण बांधणाऱ्यालाही विचारता येणार नाही.

संगणकाजवळ दोन प्रकारच्या स्मृती असतात. एक पाटी, दुसरी वही. पाटी जलद, लहान आणि महाग. वीज गेली की कोरी होणारी. वही संथ, मोठी आणि स्वस्त. वीज असो नसो, लिहिलेले टिकवणारी. आपण परवलीचा शब्द टाइप करतो तेव्हा तो पाटीवर उमटतो. काम झाले की तो पुसला जाईल, निदान रात्री यंत्र बंद केल्यावर तरी नाहीसा होईल, अशी आपली कल्पना असते. कल्पना तरी कुठली, आपण त्याचा विचारच केलेला नसतो. प्रत्यक्षात पाटी लहान आणि कामे पुष्कळ. जागा अपुरी पडू लागली की यंत्राचा कारभार पाहणारी व्यवस्था पुढे होते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण तिला कारभारी म्हणू. पाटीवरचा जो मजकूर सध्या कोणाला लागत नाही तो हा कारभारी वहीत उतरवून ठेवतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्याचे काम मांडतो. पुन्हा लागेल तेव्हा वहीतून पाटीवर. या अदलाबदलीला 'स्वॅप' असे नाव आहे, आणि वहीच्या ज्या भागात हा तात्पुरता मजकूर उतरतो त्यालाही तेच नाव. मजकूर पानापानाने हलतो. 'पान' हा शब्द यंत्रविद्येचाच आहे, माझा नव्हे. पान पाटीवर परत आले तरी वहीतील नक्कल तिथेच राहू शकते. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती राहते. ते उद्या लिहिले जाईल, सहा महिन्यांनी लिहिले जाईल, किंवा कधीच लिहिले जाणार नाही.

ही युक्ती ज्यांनी काढली त्यांच्या मनात गुपिते नव्हती. १९६२ च्या डिसेंबरात इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठात 'ॲटलस' नावाच्या संगणकाचे उद्‌घाटन झाले. त्याच्या पाटीवर सुमारे १६ हजार शब्द मावत, आणि जोडीला जो फिरता चुंबकीय ढोल होता त्यावर सुमारे ९८ हजार. तोपर्यंत काय पाटीवर ठेवावयाचे आणि काय ढोलावर धाडावयाचे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतः ठरवावे लागे. काम मोठे कटकटीचे होते. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कटकट त्याच्या डोक्यावरून काढून यंत्राकडे सोपवली. पाटी आणि ढोल मिळून एकच मोठी स्मृती आहे असे प्रोग्रामाला भासावे, अशी ती रचना होती. तिला त्यांनी 'एकस्तरीय स्मृती' म्हटले. संगणकाच्या इतिहासातील अत्यंत सुंदर कल्पनांत मी तिची गणना करतो. पण तिची किंमत नेमकी कशात चुकवली गेली, हेही पाहावयास हवे. आपली वस्तू कुठे आहे हे जाणण्याच्या कष्टातून माणूस सुटला, म्हणजेच ते जाणण्यालाही तो मुकला. आणि आपली वस्तू कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तिच्याबद्दल कोणाला काही वचन द्यावे तरी कसे?

आणखी एक गंमत आहे, आणि ती क्रूर आहे. कारभारी कोणते पान बाहेर धाडतो? जे बराच काळ कोणी हाताळलेले नाही ते. पुढचे कळत नाही म्हणून मागच्यावरून अंदाज करावयाचा, ही रीत ॲटलसपासून चालत आली आहे. आता गुपिताचा स्वभाव पाहा. चिठ्ठ्याचपाट्या, हिशेब, चित्रे यांची सारखी उठबस चालू असते. गुपित एकदा सांगितले जाते आणि मग स्वस्थ पडून राहते. किल्ल्या सांभाळण्याचेच काम करणारा एखादा प्रोग्राम सकाळी एकदा परवलीचा शब्द ऐकतो आणि दिवसभर कोपऱ्यात गप्प बसतो. कारभाऱ्याच्या दृष्टीने बिनकामाचे पान तेच. त्यामुळे कोणाचाही तसा हेतू नसताना, ज्याने पाटीवरच राहावयास हवे तेच आधी वहीत जाण्याच्या रांगेत उभे राहते.

ही भीती काल्पनिक नाही. मिशिगन विद्यापीठात काम करणाऱ्या नील्स प्रोव्होस यांनी २००० साली या विषयावर एक निबंध वाचला. कित्येक महिने वापरात असलेल्या यंत्राच्या स्वॅपमध्ये परवलीचे शब्द, गुप्तलेखनाच्या किल्ल्या आणि खाजगी पत्रे उघडी पडलेली सापडतात, असे त्यांनी दाखवून दिले. मूळ पत्र कुलूपबंद पेटीत, म्हणजे सांकेतिक लिपीत जपलेले; आणि वाचण्यासाठी ते क्षणभर उघडले तेव्हाची नक्कल वहीत उघडी. आणि वह्या तर फिरतच असतात. सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलत या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२.

दोष कोणाचा? यात चोर कोणी नाही. कारभाऱ्याने पान वाचलेलेसुद्धा नाही. त्याच्या लेखी सर्व पाने सारखी. कोणाचे प्रेमपत्र, कोणाचा बाजाराचा हिशेब, कोणाचा परवलीचा शब्द, तो भेद करीत नाही. कारकुनाच्या अंगी हा मोठाच गुण. विश्वासाच्या माणसाच्या अंगी मात्र तोच दोष ठरतो, कारण विश्वास म्हणजे भेद करणे. "हे इतरांसारखे नाही" एवढे ज्याला कळते त्यालाच गुपित सांगण्यात अर्थ आहे. आणि कारभाऱ्याला हे आपण होऊन कळण्याचा मार्ग नाही. ते त्याला कोणीतरी सांगावे लागते. आणि सांगण्याची जबाबदारी, माझ्या मते, ज्या प्रोग्रामाने गुपित मागून घेतले त्याच्यावर, म्हणजे तो लिहिणाऱ्यावर आहे. वापरणाऱ्यावर नाही. "त्याने जपून वापरावयास हवे होते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा मला आता तिटकारा आला आहे. ज्याला वहीच्या अस्तित्वाचा पत्ता नाही त्याने जपावयाचे तरी काय?

शिवाय यंत्र ज्याचे, गुपित त्याचेच असते असेही नाही. वकिलाच्या यंत्रावर अशिलाची कबुली असते, डॉक्टरच्या यंत्रावर रुग्णाचा आजार, वार्ताहराच्या यंत्रावर त्याला बातमी पुरवणाऱ्याचे नाव. स्वतःच्या गुपिताबाबत माणूस निष्काळजी राहिला तर तो त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या ठेवीबाबत तो तसे राहू शकत नाही. आणि ज्याने नाव सांगितले तो तर त्या यंत्राच्या आसपासही नसतो.

यावर जो पहिला उपाय आहे त्याला मेमरी लॉक करणे म्हणतात. प्रोग्राम कारभाऱ्याला बजावतो, "एवढी पाने पाटीवरून हलवू नकोस." युनिक्स जातीच्या यंत्रांत या आज्ञेचे नाव 'एमलॉक' असे आहे. परंतु तिचा जन्म कशासाठी झाला हे पाहण्यासारखे आहे. १९९३ च्या पॉसिक्स मानकात ती आली ती वेळेच्या पाबंदीसाठी. एखादे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामाला क्षणाचाही उशीर परवडत नाही. पान वहीतून आणीपर्यंत थांबावयास त्याला सवड नसते. म्हणून पान हाताशी ठेवण्याचे वचन. गुपिते सांभाळणाऱ्यांनी ते ऐकले आणि त्याचा अर्थ केला, "पान वहीत जाणार नाही." वचन होते 'पान इथे राहील' एवढेच. दोन्ही एकच नव्हेत. पान इथे राहूनही त्याची नक्कल दुसरीकडे जाऊ शकते.

वचनाचा अर्थ कोणाच्या बाजूने लावावयाचा, हा नीतिशास्त्रातला जुना वाद आहे. विल्यम पेलीने १७८५ च्या आपल्या ग्रंथात तैमूरची गोष्ट सांगितली आहे. तैमूरने वेढलेल्या किल्ल्यातील शिबंदीला वचन दिले की शरण आलात तर रक्ताचा थेंब सांडणार नाही. ते शरण आले आणि त्याने सगळ्यांना जिवंत पुरले. रक्त सांडले नाही खरेच. पेली म्हणतो, देणाऱ्याने मनात काय धरले होते त्यावरही नाही आणि शब्दांच्या नुसत्या अर्थावरही नाही. घेणारा ते कोणत्या अर्थाने घेत आहे असे देणाऱ्याला त्या वेळी वाटत होते, त्या अर्थाने वचन पाळले पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्ते तैमूर नव्हेत. पण गुपिते सांभाळणारे लोक या आज्ञेचा काय अर्थ करतात हे त्यांना आता पुरते ठाऊक आहे. लिनक्सच्या माहितीपत्रकात तिचा हा उपयोग स्पष्ट नोंदलेला आहे. त्याच माहितीपत्रकात कंसात अशी सूचनाही आहे की यंत्राला झोपवताना पाटीची संपूर्ण नक्कल डिस्कवर उतरवली जाऊ शकते, आणि तेव्हा लॉकचा विचार केला जात नाही. शब्द पाळला, पान हलवले नाही, फक्त अख्खी पाटी वहीत उतरवून घेतली. ही सूचना कंसात असावी याचे मला राहून राहून नवल वाटते. आणखी एक बारकावा असा की प्रोग्रामाने स्वतःपासून दुसरा प्रोग्राम जन्माला घातला, तर बापाने घेतलेले लॉक पोराला लागू होत नाही. दशरथाचे वचन रामाने पाळण्याची रीत या राज्यात नाही.

कोणी म्हणेल, मग प्रत्येकाने आपली सगळीच पाने लॉक का करू नयेत? कारण पाटी सर्वांची आहे. एकाने अडवलेली जागा दुसऱ्याला मिळत नाही, आणि सर्वांनीच अडवली तर यंत्र गुदमरेल. म्हणून २००४ पर्यंत लिनक्सवर हा हक्क फक्त सर्वाधिकारी असलेल्यालाच होता. त्यानंतर सामान्य प्रोग्रामालाही मिळाला, पण मर्यादेत; ती मर्यादा पुष्कळ वर्षे साधारणपणे ६४ किलोबाइट होती, पुढे २०२२ च्या आरंभी आलेल्या आवृत्तीत ती ८ मेगाबाइट करण्यात आली. मर्यादा घालणे मला अन्यायाचे वाटत नाही. परवलीच्या शब्दाला चार ओळी पुरतात. पण पत्रे, रुग्णाचे कागद, बातमीदाराशी झालेले संभाषण एवढ्याशा जागेत कुठून मावणार? किल्ली सुरक्षित आणि पेटीतला ऐवज उघडा, अशी ही व्यवस्था आहे.

सर्वाधिकाऱ्यालाच लॉकचा हक्क होता त्या काळातली एक अडचण तर मोठी विलक्षण आहे. ग्नू प्रायव्हसी गार्ड हा पत्रे सांकेतिक करणारा प्रसिद्ध प्रोग्राम. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ ची. आपली किल्ली पाटीवर अडकवून ठेवण्यासाठी त्याला सर्वाधिकार लागत. म्हणजे एक गुपित नीट जपता यावे म्हणून त्याच्या हाती साऱ्या घराच्या किल्ल्या द्यावयाच्या, आणि जागा मिळताच त्याने त्या परत कराव्यात असा भरवसा धरावयाचा. न दिल्या तर तो एक ओळ छापी : सावधान, असुरक्षित मेमरी वापरली जात आहे. आणि पुढे काम चालू. मला ही ओळ प्रामाणिक वाटते. "सांभाळण्याची माझी ऐपत नाही, तरी सांगावयाचे असेल तर सांगा," असे तोंडावर म्हणणारी माणसे थोडी. पण लोकांना तिचा कंटाळा आला असावा. कारण ती ओळ छापू नये असे सांगण्याचीही सोय त्या प्रोग्रामात होती, आणि ती बरीच लोकप्रिय झाली.

लॉक केले, काम झाले, आता पाटी पुसावयाची. इथे मला या विषयातली सर्वांत चिंतनीय गोष्ट भेटली. प्रोग्राम लिहिणारा शेवटी लिहितो, "ही जागा शून्याने भरून टाक." त्याचे लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो तो काटकसरी असतो. तो पाहतो की या जागेत शून्ये भरली जातात, पण पुढे ती जागा कोणी वाचतच नाही. जे कोणी वाचणार नाही ते लिहावयाचे कशाला? तो ती ओळ गाळून टाकतो. तर्कात कुठे चूक काढता येत नाही. ज्या कृतीचे फळ कोणाच्या पाहण्यात येणार नाही ती कृती त्याच्या हिशेबी नाहीच. पण पुसण्याचे सारे सार्थक, पुढे कोणाला काही दिसू नये, यातच तर आहे! सभ्यपणाची कितीतरी कामे या जातीची असतात : दुसऱ्याचे पत्र न वाचता पाकिटात परत घालणे, कानावर पडलेले मनावर न घेणे. ती केली याचा पुरावा उरत नाही. न केली तरी लगेच काही बिघडलेले दिसत नाही. अखेर "ही ओळ गाळू नकोस, माझ्यावर विश्वास ठेव" असे कंपायलरला बजावणाऱ्या खास आज्ञा कराव्या लागल्या. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१४ साली तशी एक आणली. सी भाषेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकातही ती आता आली आहे. सी भाषा १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. पुसणे हे काम आहे हे तिच्या मानकाने मान्य करावयास अर्धे शतक लागले.

प्रोव्होस यांचा मार्ग निराळा होता, आणि मला तो लॉकपेक्षा थोर वाटतो. त्यांनी कारभाऱ्याला लिहू नकोस असे म्हटलेच नाही. लिही, पण सांकेतिक लिपीत लिही. वहीचे लहान लहान भाग पाड, प्रत्येक भागाची किल्ली निराळी, यदृच्छेने निवडलेली आणि फक्त पाटीवर ठेवलेली. त्या भागाची गरज संपली की किल्ली टाकून दे. मग वही कोणाच्याही हाती जावो, ती वाचता येत नाही. लिहिणाऱ्यालाही येत नाही. ही पद्धत ओपनबीएसडीमध्ये बांधली गेली आणि २००५ पासून तिथे न मागताच मिळते. लॉकमध्ये वचन देणाऱ्याच्या शुद्धीवर, स्मरणावर, झोपेवर सारे अवलंबून. इथे त्याने स्वतःला असमर्थच करून घेतले आहे. यावर एक आक्षेप संभवतो : मोडताच येत नाही ते वचन पाळण्यात पुण्य कसले? मला हा आक्षेप संन्याशाला "तुझ्याजवळ पैसे नाहीत, मग तू निर्लोभी कशावरून" असे विचारण्यासारखा वाटतो. असमर्थ होण्याचा निर्णय त्याने समर्थ असतानाच घेतलेला असतो. शिवाय इथे कारभाऱ्याने भेद करण्याची गरजही उरत नाही. सर्वच पाने तो सारख्याच काळजीने लिहितो. समभावाचा जो दोष झाला होता त्याचा पुन्हा गुण होतो.

पण दुसरा आक्षेप असा सहज उडवता येत नाही. वहीत राहिलेली पाने चोरांच्याच उपयोगी पडतात असे नाही. गुन्ह्याचा तपास करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतात. ज्याने एखाद्या मुलीला धमक्या दिल्या, ज्याने ठेवीदारांचे पैसे बुडवले, त्याने आपल्या फायली पुसल्या तरी कारभाऱ्याच्या टिपकागदावर अक्षरे उलटी उमटलेली राहतात. टिपकागदावरचे सत्य खोटे नसते. विसरण्याची व्यवस्था इतकी चोख केली तर त्या मुलीने दाद कशी मागावी? मला याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. मात्र एक फरक मला दिसतो. न्यायासाठी काय जपून ठेवावयाचे हे समाजाने उघडपणे, कायद्याने, ज्याच्याविषयी जपले जाते त्याला कळेल अशा रीतीने ठरवावे. जागा कमी पडली म्हणून कारभाऱ्याने खरडलेल्या आणि पुसावयास विसरलेल्या पानांवर न्याय उभा करावयाचा, म्हणजे एका गुन्हेगाराच्या शोधासाठी सर्व निरपराध्यांची रोजनिशी त्यांना न सांगता लिहीत राहावयाचे. त्या धमकावल्या गेलेल्या मुलीचीसुद्धा. तिनेही आपल्या मैत्रिणीला काहीतरी विश्वासाने लिहिलेले असेलच.

पाटीचे तरी काय? वीज गेली की ती कोरी होते असे मी वर म्हटले, आणि इतके दिवस सारे तसेच धरून चालले होते. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ती एकदम कोरी होत नाही. अक्षरे काही सेकंद, क्वचित मिनिटे, हळूहळू विरत जातात. थंडीत ती अधिक टिकतात. धूळ उडवण्याचा साधा फवारा उलटा धरून चिप गार केली तर दहा मिनिटांनंतरही शेकडा एकाहून कमी बिट हरवलेले असत. द्रवरूप नायट्रोजनमध्ये तासभर ठेवलेल्या चिपमध्ये दर हजारी दोनसुद्धा नाहीत. तेवढ्या अवधीत ती काढून दुसऱ्या यंत्रात बसवता येते, आणि किल्ली हाती लागते.

२०२१ साली लिनक्समध्ये एक नवी सोय झाली. तिने दिलेली पाने वहीत जात नाहीतच. पण खुद्द कारभाऱ्याच्या नेहमीच्या नकाशातूनही ती वगळली जातात, म्हणजे ज्याने जागा दिली त्यालाही तिथे सहज डोकावता येत नाही. सुरुवातीला ती मुद्दाम मागावी लागे. २०२३ पासून न मागता उपलब्ध आहे. पाटी वहीत उतरवून झोपी जाण्याचा जो कंसातला प्रकार मी वर सांगितला, त्याचाही तिच्यात बंदोबस्त केलेला आहे. असे एकही पान कोणी धरून ठेवलेले असेल, तर तो ते सोडीपर्यंत यंत्राला तशी झोप घेऊ दिली जात नाही.